फ्रँक बॉम आणि त्यांच्या धीट मुली

एके सकाळी ओझच्या राज्यातील राजकन्या ओझ्मा नाहीशी होते. महालात नाही, बागेत नाही, कोणाजवळ निरोपही ठेवलेला नाही. दिसायला ती चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, पण सारे राज्य तिच्या शब्दावर चालते. शोध घ्यावा तर पंचाईत अशी की, हवी ती व्यक्ती दाखवणारे जादूचे चित्र भिंतीवरून गेलेले. जगातील प्रत्येक घडामोड आपोआप टिपून घेणारी ग्लिंडाची मोठी नोंदवही गेलेली. जादूगाराची काळी पिशवीही गेलेली. म्हणजे चोराने राजकन्येबरोबर तिला शोधण्याची साधनेही लांबवली! त्याच सुमारास दूरच्या एका डोंगरावर बिस्किटे भाजणाऱ्या एका बाईची हिरेजडित सोन्याची परात चोरीला जाते. त्या बाईला राज्याशी काही कर्तव्य नाही. तिला आपली परात हवी आहे, आणि तीही डोंगर उतरून शोधाला निघते.

राजकन्येला शोधायला निघते ती कॅन्ससची डोरोथी. तिच्याबरोबर बेट्सी आणि ट्रॉट या दोन मैत्रिणी, गोधडीच्या तुकड्यांची शिवलेली एक उडाणटप्पू मुलगी, एक भित्रा सिंह, एक खेचर, आणि आपले गुरगुरणे हरवले म्हणून वेगळ्याच दुःखात असलेला टोटो कुत्रा. वाटेत त्यांना किल्ली फिरवताच कोणत्याही प्रश्नाचे खरे उत्तर देणारे एक गुलाबी अस्वल भेटते. पण ते उत्तर इतके विचित्र देते की कोणाचा त्याच्यावर विश्वास बसत नाही. ओझ्मा कोठे सापडते ते सांगून आम्ही बालवाचकांची मजा घालवणार नाही. एवढेच सांगतो की, वाटेत पीचचे फळ कोण खातो त्याच्यावर नजर ठेवा.

ही ‘द लॉस्ट प्रिन्सेस ऑफ ओझ’ नावाची कादंबरी १९१७ साली निघाली. जादूची गोष्ट आणि चोरीचा तपास यांची अशी हसतखेळत घातलेली सांगड त्या काळी नवीनच होती, आणि तपासाची सूत्रे एका मुलीच्या हाती असणे तर त्याहून नवीन. आपल्या बेटावरील घरांना ओझ ठाऊक आहे ते बहुधा १९३९ च्या चित्रपटामुळे, नाहीतर मुलांनी शाळेतून इंग्रजी वा फ्रेंच पुस्तक घरी आणले म्हणून. ओझच्या कर्त्याचे चरित्र मात्र आमच्या वाचकांपैकी थोड्यांनाच माहीत असेल. ते त्यांच्या कथांइतकेच वळणावळणाचे आहे, आणि त्यात एक काळा डागही आहे.

लायमन फ्रँक बॉम यांचा जन्म १५ मे १८५६ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात चिटेनॅंगो या गावी झाला. वडील बेंजामिन बॉम यांनी पेनसिल्व्हेनियाच्या तेलविहिरींत पैसा मिळवला होता, त्यामुळे बालपण सिरॅक्यूज शहराजवळील रोझ लॉन या प्रशस्त वाडीवर गेले. मूल नाजूक प्रकृतीचे आणि स्वप्नाळू. बारा वर्षांचा होताच त्याला शिस्त लागावी म्हणून लष्करी शाळेत घातले. दोन वर्षांत प्रकृती ढासळून तो घरी परतला. वडिलांनी मग त्याला एक लहानसे छपाईयंत्र घेऊन दिले आणि भावाच्या मदतीने त्याने घरचेच एक वर्तमानपत्र सुरू केले. त्या शाळेपेक्षा ते यंत्रच त्याला जास्त शिकवून गेले, असे आम्हाला वाटते.

पुढची पंचवीस वर्षे या गृहस्थाने काय केले नाही ते विचारावे! हॅम्बुर्ग जातीच्या कोंबड्या पाळल्या. १८८६ साली निघालेले त्यांचे पहिले पुस्तक त्या कोंबड्यांवरच आहे. पोस्टाच्या तिकिटांच्या व्यापाऱ्यांची सूची छापली. नाटके लिहिली, त्यांत कामे केली, गावोगाव दौरे काढले. वडिलांनी बांधून दिलेले एक नाट्यगृह आगीत गेले. गाड्यांच्या आसांना लावायचे वंगण विकले. (ओझमधला पत्र्याचा लाकूडतोड्या गंजून उभा राहतो आणि तेलाची बुधली मागतो, तेव्हा आम्हाला या वंगणविक्याची आठवण होते.) धंदा करण्याची हौस दांडगी, हिशेब ठेवण्याची मुळीच नाही.

९ नोव्हेंबर १८८२ रोजी त्यांचा विवाह मॉड गेज हिच्याशी झाला, आणि खरे चरित्र येथून सुरू होते. मॉड कॉर्नेल विद्यापीठात शिकत होती. मुलींनी विद्यापीठात जाणे तेव्हा अमेरिकेतही नवलाचे होते. तिची आई मटिल्डा जोसलिन गेज म्हणजे स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतील आघाडीचे नाव. एलिझाबेथ कॅडी स्टँटन आणि सुझन अँथनी यांच्या जोडीने त्या चळवळीचा इतिहास तिने लिहिला. फिरत्या नाटकमंडळीतील नटाला मुलगी द्यायला या विदुषीची तयारी नव्हती. मॉडने ऐकले नाही, आणि आईने आयुष्यभर शिकवलेला स्वतंत्र बाणा मुलीने आईवरच चालवला. सांगतात की, अखेर मटिल्डाबाईंना हसू आले आणि लग्न त्यांच्याच घरी लागले.

संसाराची तिजोरी मॉडच्या हाती राहिली, आणि ते बरेच झाले. तिच्या कडकपणाची एक गोष्ट या घराण्यात पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. एकदा फ्रँक बाजारातून मुरंबा भरलेले तळलेले गोड पाव डझनभर घेऊन आले. घरात काय खायचे ते आपण ठरवतो, असे मॉडचे म्हणणे. तिने काही न बोलता ते पाव दुसऱ्या दिवशीही न्याहारीला वाढले, तिसऱ्या दिवशीही वाढले. शिळे पाव पाहून कंटाळलेल्या फ्रँकनी ते कपाटात लपवले, तर ते पुन्हा ताटात आले. मग त्यांनी ते परसात पुरले. मॉडने उकरून काढून तेही समोर ठेवले! विचारल्याखेरीज खाण्याचे काही आणणार नाही, असे वचन दिल्यावरच त्यांची सुटका झाली. ओझमध्ये राज्य करणाऱ्या बहुतेक साऱ्या बायकाच का, याचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको.

१८८८ मध्ये हे कुटुंब पश्चिमेला, डाकोटा प्रांतातील ॲबरडीन या नव्या गावी गेले. तेथे फ्रँकनी ‘बॉम्स बझार’ नावाचे दुकान थाटले. दुकानात चिनी मातीची भांडी, खेळणी, कंदील, मिठाई असा शौकाचा माल. गावावर दुष्काळ आलेला आणि हा दुकानदार कोणाला नाही म्हणू न शकणारा. खेळण्यांभोवती पोरे जमली की माल विकण्याचे सोडून तो त्यांना गोष्टी सांगत बसे. उधारीच्या वहीवर जगणारे गाव आपल्या वाडवडिलांनीही पाहिले आहे. ती वही भरत जाते पण पेटी भरत नाही, हे दुकानदाराला उशिराच कळते. १८९० उजाडता उजाडता दुकान बंद पडले. त्या करड्या, भेगाळलेल्या सपाट मुलखाचे चित्र पुढे त्यांनी कॅन्सस या नावाखाली डोरोथीच्या घराभोवती काढले.

दुकान गेले तेव्हा बॉमनी गावातील एक साप्ताहिक चालवायला घेतले. त्याचे नाव ‘ॲबरडीन सॅटरडे पायोनियर’. या पत्रात त्यांनी स्त्रियांच्या मताधिकाराचा हिरिरीने पुरस्कार केला. गावातील मताधिकार मंडळाचे ते चिटणीसही होते. १८९० च्या नोव्हेंबरात साउथ डाकोटाच्या पुरुषांनी मतदान करून स्त्रियांची मागणी फेटाळली, तेव्हा ते फार खट्टू झाले.

याच पत्रात तो काळा डाग आहे. १५ डिसेंबर १८९० रोजी लाकोटा लोकांचा वृद्ध पुढारी सिटिंग बुल मारला गेला. २९ डिसेंबरला वूंडेड नी येथे सैन्याने लाकोटांच्या तळावर गोळीबार केला. त्यात बायकामुलांसह दीडशेहून अधिक माणसे मेली. या दोन्ही प्रसंगी बॉम यांनी अग्रलेख लिहिले आणि त्या भूमीच्या मूळ रहिवाशांचा समूळ नाश करावा असे त्यांत मांडले. हे लिहिताना आमची लेखणी अडखळते. तो काळच तसा होता, वसाहतवाले घाबरलेले होते, अशी सारवासारव पुष्कळांनी केली आहे. ती आम्हाला पटत नाही. त्याच काळी त्यांच्याच सासूबाई या मूळ रहिवाशांच्या समाजव्यवस्थेत स्त्रियांना किती मान आहे, हे गौरवाने लिहीत होत्या. १८९३ मध्ये मोहॉक लोकांनी मटिल्डाबाईंना आपल्या वृककुळात सन्मानाने सामावून घेतले. एकाच घरात, एकाच टेबलाभोवती बसणाऱ्या दोन माणसांपैकी एकाला जे दिसत होते ते दुसऱ्याला दिसले नाही. पुढे २००६ साली बॉम यांच्या वंशजांनी त्या अग्रलेखांबद्दल लाकोटा लोकांची जाहीर क्षमा मागितली. ज्यांचे वाडवडील मळ्यावरच्या वहीत केवळ एक आकडा म्हणून नोंदले गेले, त्या आपल्यासारख्यांनी हा भाग गाळून ओझच्या कथा वाचू नयेत असे आम्हाला वाटते.

साप्ताहिकही १८९१ मध्ये बुडाले. बायको आणि चार मुलगे यांना घेऊन बॉम शिकागोला आले. तेथे काही दिवस बातमीदारी केली, मग काचसामान आणि चिनी मातीची भांडी विकणारे फिरते विक्रेते झाले. आठवडेच्या आठवडे आगगाडीत आणि हलक्या दर्जाच्या उतारगृहांत जात. घरी आले की पोरांना गोष्टी. १८९२ मध्ये ते आणि मॉड थिऑसॉफिकल सोसायटीचे सभासद झाले. या पंथाचे मुख्य ठाणे तेव्हाही मद्रासजवळ अड्यार येथे होते. बॉम पतिपत्नी शिकागोतील ज्या शाखेत दाखल झाले तिचे नाव ‘रामायण’ होते, हे वाचून आमच्या वाचकांना मौज वाटेल. कर्म आणि पुनर्जन्म यांची चर्चा तेथे चाले.

मटिल्डाबाई हिवाळ्यात लेकीकडे राहायला येत. जावई पोरांना गोष्टी सांगताना त्या ऐकत असत आणि त्या लिहून काढा म्हणून त्याच्या पाठीस लागत. जो नट जावई म्हणून नको होता, त्याच्यातला लेखक पहिल्यांदा ओळखला तो सासूने! १८९७ मध्ये पहिले बालपुस्तक निघाले. त्याच साली दुकानांच्या काचेच्या दर्शनी खिडक्या कशा सजवाव्यात यावरचे एक मासिकही त्यांनी काढले. त्यामुळे फिरती सुटली. १८९८ च्या मार्चमध्ये मटिल्डाबाई बॉम यांच्याच घरी वारल्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मॉडच्या भावाची पाच महिन्यांची मुलगी गेली. मॉडला मुलीची फार हौस आणि पदरी चार मुलगेच. तिने त्या बाळाचा फार शोक केला. बाळाचे नाव डोरोथी होते. फ्रँक तेव्हा एक कथा लिहीत होते. वावटळीने घरासकट उडून गेलेल्या त्यांच्या मुलीला हेच नाव मिळाले.

‘द वंडरफुल विझर्ड ऑफ ओझ’ १९०० साली डेन्स्लो यांच्या चित्रांसह निघाले आणि हातोहात खपले. नाताळाच्या सुमारास घरात पैशांची चणचण होती. मॉडने प्रकाशकाकडून थोडी उचल आणायला पाठवले. फ्रँकना शंभरेक डॉलरची आशा. मिळालेला धनादेश न पाहताच त्यांनी खिशात घातला. घरी मॉड इस्त्री करीत होती. तिने तो उघडला तर रक्कम होती ३,४३२ डॉलर ६४ सेंट! सांगतात की, इस्त्रीखालचा सदरा त्या दिवशी करपला. चित्रकार डेन्स्लो यांनी तर पुढे आपल्या वाट्याच्या पैशातून बर्म्युडाजवळ एक लहान बेट विकत घेतले आणि स्वतःला तेथला राजा म्हणवून घेतले. बेटावर राहणाऱ्यांना अशा राजांचे नवल नाही.

येथून सुखाचे दिवस आले असे वाटेल, आणि काही काळ आलेही. १९०२ मध्ये ओझ रंगभूमीवर आले, पुढल्या वर्षी न्यूयॉर्कला गेले आणि खूप चालले. १९०४ च्या दुसऱ्या ओझकथेत टिप नावाचा एक पोरगा आहे. शेवटी कळते की चेटकिणीने लहानपणीच रूप बदलून टाकलेली राजकन्या ओझ्मा ती हीच. राज्याचा वारस शोधता शोधता मुलगाच मुलगी निघतो! ओझमधले पहिले रहस्य हेच. १९०६ मध्ये पतिपत्नी इजिप्त आणि युरोपचा प्रवास करून आली. मॉडने घरी लिहिलेली पत्रे पुढल्या वर्षी पुस्तकरूपाने निघाली.

त्याच १९०६ मध्ये एडिथ व्हॅन डाइन नावाच्या एका नव्या लेखिकेची ‘आंट जेन्स नीसेस’ ही कथा बाजारात आली. तीन तरुण चुलत-मावस बहिणी, त्यांचा साध्या वेषात वावरणारा श्रीमंत मामा, प्रवास, कारस्थाने, निवडणूक, वर्तमानपत्र काढण्याचा खटाटोप असा सारा मामला. मुलींनी या मालिकेवर अक्षरशः उड्या टाकल्या. १९१५ पर्यंत दहा पुस्तके निघाली. ही एडिथबाई म्हणजे दुसरे कोणी नसून मिशाळ फ्रँक बॉमच होते. १९१६ मध्ये याच नावाने त्यांनी ‘मेरी लुईस’ लिहिली. पंधरा वर्षांच्या या मुलीच्या आजोबांवर देशद्रोहाचा संशय आहे आणि सरकारी गुप्तहेर त्यांच्या मागावर आहेत. या मालिकेत जोसी ओगॉर्मन नावाची एक गुप्तहेराची मुलगी येते. ठेंगणी, साधीसुधी, चेहऱ्यावर काही न दाखवणारी, पण बापाकडून तपासाचे शिक्षण घेतलेली. अमेरिकेत नॅन्सी ड्रू ही तरुण गुप्तहेर पुस्तकांत अवतरली ती १९३० मध्ये. जोसी तिच्या कितीतरी आधीची. ही पुस्तके आज फारशी कोणी वाचत नाही. भाषेचे डौल त्यांत नाही आणि काही ठिकाणी ती घाईने लिहिल्यासारखीही वाटतात. पण ‘लॉस्ट प्रिन्सेस’ वाचताना तपासाची जी पक्की वीण जाणवते, ती या मुलींच्या कथा लिहून बसलेल्या हाताची आहे.

हा हात घाईत का होता, तेही सांगायला हवे. १९०८ मध्ये बॉमनी ओझच्या कथांचा एक नवाच खेळ काढला. त्यात रंगवलेली चलच्चित्रे, पारदर्शक चित्रांच्या काचा, वाद्यवृंद, आणि पांढऱ्या पोशाखात स्वतः कथा सांगणारे बॉम. लोकांना खेळ आवडला, पण तिकिटांच्या पैशांतून खर्च निघेना. कर्ज डोक्यावर बसले. १९१० च्या ‘एमराल्ड सिटी ऑफ ओझ’ मध्ये डोरोथीचे काका हेन्री यांचे शेत सावकाराकडे जाण्याची वेळ येते. डोरोथी काका-काकूंना कायमची ओझला घेऊन जाते, जेथे पैसाच नाही. उसाच्या चार ओळींसाठी कर्ज काढणे म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा प्रसंग परीकथेतला वाटणार नाही. या पुस्तकाच्या शेवटी बॉमनी ओझचे दरवाजे बंद केले. ते राज्य आता जगाला दिसणार नाही, म्हणून कथाही मिळणार नाहीत, असे जाहीर करून टाकले. १९११ मध्ये त्यांचे दिवाळे निघाले.

पण दरवाजे बंद राहिले नाहीत. मुलांची पत्रे येतच राहिली, आणि ओझवाचून दुसऱ्या कथांना तेवढा खप नव्हता. बिनतारी तारयंत्राने ओझशी संपर्क साधता येईल, अशी एका मुलाने सुचवलेली युक्ती पुढे करून १९१३ मध्ये त्यांनी ‘पॅचवर्क गर्ल’ लिहिली. तोवर हे कुटुंब हॉलिवुडला स्थायिक झाले होते. तेथे ‘ओझकॉट’ नावाचे घर, मागे बाग, बागेत शेवंती आणि डेलिया. त्यांच्या फुलांना प्रदर्शनांत बक्षिसे मिळत. घर आणि पैसा मात्र आता मॉडच्या नावावर होता. १९१४ मध्ये त्यांना चित्रपट काढण्याचा नाद लागला आणि तोही चालला नाही. पण या वेळी त्यांनी स्वतःचे पैसे घातले नव्हते. मॉडचा धडा उशिरा का होईना, लागू पडला म्हणायचा!

‘लॉस्ट प्रिन्सेस’चे बीजही एका लहान मुलीकडूनच आले. ती ओझबद्दल गप्पा मारायला त्यांच्याकडे आली होती. ओझ्मा हरवली किंवा कोणी पळवली तर ओझमधल्या सगळ्यांना किती वाईट वाटेल, असे ती सहज बोलून गेली. तेवढ्यावर त्यांनी सारी कादंबरी उभारली आणि प्रस्तावनेत त्याची नोंदही केली. आम्हाला या कादंबरीतले सर्वांत आवडते ते चोराचे शेवटचे प्रकरण. चोर म्हणजे जोडे शिवणारा एक कारागीर. पूर्वजांच्या जादूच्या पोथ्या सापडल्या आणि त्याला साऱ्या राज्याचा लोभ सुटला. डोरोथी जादूच्या पट्ट्याच्या बळावर त्याला कबूतर करून टाकते. पुढे ते कबूतर आपण होऊन तिच्याकडे क्षमा मागायला येते. डोरोथी त्याला पुन्हा माणूस करायला तयार होते, तर ते नको म्हणते. कबूतर म्हणून आपण जास्त सुखी आहोत, असे त्याचे म्हणणे. सूड नाही, फाशी नाही, तुरुंगही नाही. हाच लेखक सव्वीस वर्षांपूर्वी ते अग्रलेख लिहून गेला होता, हे लक्षात ठेवून हे प्रकरण वाचावे.

हृदयाचे दुखणे त्यांना जन्मभर होते. १९१८ च्या फेब्रुवारीत पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर ते बहुतेक अंथरुणालाच खिळले. तशातही लिहिणे थांबले नाही. ६ मे १९१९ रोजी, त्रेसष्टावा वाढदिवस नऊ दिवसांवर असताना, ओझकॉटमध्येच त्यांचे निधन झाले. शेवटची दोन पुस्तके त्यांच्यामागे निघाली आणि त्यांच्या ओझ-कादंबऱ्यांची संख्या चौदा झाली. १९२० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील स्त्रियांना मताचा हक्क घटनेने दिला. तो पाहायला मटिल्डाबाई नव्हत्या आणि त्यांचा जावईही नव्हता. मॉडने मात्र १९३९ चा चित्रपट पाहिला. ती १९५३ पर्यंत जगली.

ओझच्या कथा पुढे चालू ठेवायला प्रकाशकांनी रूथ प्लमली थॉम्प्सन या तरुणीला नेमले. तिने वर्षाला एक याप्रमाणे एकोणीस पुस्तके लिहिली. त्यांतले पहिले, ‘द रॉयल बुक ऑफ ओझ’, १९२१ मध्ये निघाले. ते सर्वस्वी तिचेच होते, पण खप टिकावा म्हणून प्रकाशकांनी त्यावर लेखक म्हणून नाव छापले ते फ्रँक बॉम यांचे.